मागे सरकण्यास मनाई आहे

ज्या वस्तूंना स्वतःचे काम स्वतः करता येत नाही, त्यांच्याविषयी मला लहानपणापासून आपुलकी वाटत आली आहे. त्यामागे बहुधा सजातीयांची ओढ असावी. टॅरागिन या आमच्या ऑस्ट्रेलियातील छोट्या गावाच्या मुख्य रस्त्यावरील धर्मादाय दुकानात, कान तुटलेली किटली आणि पावाचे एक मृत यंत्र यांच्यामध्ये तो कॅमेरा मला दिसला, तेव्हा त्याच्या भिंगावर धूळ होती आणि चेहऱ्यावर आपल्याला कोणीही विचारणार नाही अशी समजूत होती. सरकारी कार्यालयाच्या आरशात हा भाव मी रोज पाहतो. मी तो कॅमेरा उचलला.

दुकानाच्या गल्ल्यावर ग्वेंडा पास्को बसल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या तेथे विनामूल्य सेवा करतात आणि त्या सेवेचे मूल्य गिऱ्हाइकांकडून अन्य मार्गाने वसूल करतात.

"घेतोयस तर घे, पण परत आणायचा नाही," त्या म्हणाल्या. "आतली उजेड मोजायची सुई मेलीये. तिला लागणारी बॅटरी आता जगात कुणी बनवत नाही."

"मग उजेड कसा मोजायचा?"

"डोळे दिलेत ना देवानं? आणि हो, ह्याच्यात आपोआप काही होत नाही हं. सगळं हातानं फिरवावं लागतं. तुमच्या पिढीला जमेल असं वाटत नाही मला."

मी मटण भरलेल्या दोन पेस्ट्र्यांच्या किमतीत तो कॅमेरा आणि माझ्या पिढीचा अपमान असे दोन्ही घेऊन घरी आलो.

त्या कॅमेऱ्याच्या खिडकीच्या मध्यभागी एक लहानसे वर्तुळ आहे. त्या वर्तुळात जग मधोमध चिरलेले दिसते. झाडाचे खोड अर्धे इकडे, अर्धे तिकडे. माणसाचे कपाळ एका वाटेने, हनुवटी दुसऱ्या वाटेने. भिंगाभोवतीचे कडे हळूहळू फिरवावे, तशी ती दोन्ही अर्धुके संकोचाने एकमेकांकडे सरकतात आणि एका क्षणी, कोणताही आवाज न करता, जुळतात. मी नगर परिषदेच्या घरपट्टी तक्रार विभागात काम करतो. तेथे दिवसभर माणसे माझ्यापुढे तुटलेल्या गोष्टी आणून ठेवतात आणि मी त्यांना दुसऱ्या खिडकीकडे पाठवतो. एखादी गोष्ट माझ्या हातून जुळते हा अनुभव मला नवा होता. पहिल्या संध्याकाळी मी फिल्म न भरताच परसातील कपडे वाळत घालण्याचा फिरता खांब किती वेळ जुळवत आणि मोडत बसलो, हे सांगणे बरे दिसणार नाही.

"काय रे, खांबाच्या प्रेमात पडलास काय?" कुंपणापलीकडून आवाज आला.

त्या माझ्या शेजारीण, विनिफ्रेड ट्रेगोवन. वय ऐंशीच्या पुढे, हातात पाण्याची नळी, डोक्यावर पांढरी टोपी. माझ्या आयुष्यात जे काही घडते, त्यावर पहिला अभिप्राय त्या कुंपणाचा असतो.

"उजेड कसा मोजायचा ते कळत नाही, मिसेस ट्रेगोवन."

"त्यात काय मोजायचंय, राजा? लख्ख ऊन असलं की भिंगाचा आकडा सोळावर ठेवायचा, ढग आला की आठवर. आमचा हॅरॉल्ड एवढ्या ज्ञानावर जन्मभर फोटो काढत होता."

"चांगले यायचे?"

"उजेड अगदी बरोबर असायचा. फक्त सगळ्यांची डोकी कापलेली असायची. माझ्या लग्नातल्या पाहुण्यांना मी अजून बुटांवरून ओळखते."

या शिकवणीचा परिणाम असा झाला की मला उजेडाची भीती उरली नाही, आणि डोकी कापली जाण्याची भीती मात्र मनात कायमची बसली. पुढील सर्व अनर्थाचे बीज या दुसऱ्या भीतीत आहे.

आमच्या गावात पाहण्यासारखे एकच ठिकाण आहे: बोल्स क्लब. तेथील हिरवळीवर पांढऱ्या वेषातील वयस्क मंडळी जॅक नावाच्या छोट्या पांढऱ्या चेंडूच्या जवळात जवळ आपापले जड गोळे घरंगळत नेतात. ज्याचा गोळा जॅकला अधिक जवळ, तो जिंकला. एवढ्या साध्या खेळातून माणसे आयुष्यभराची वैरे कशी निर्माण करू शकतात, याचे उत्तर क्लबच्या दिवाणखान्यातील मानफलकावर आहे. काळ्याभोर लाकडावर सोनेरी अक्षरांत महिला गटातील दरवर्षीच्या विजेतीचे नाव. उपविजेतीचे नाव कोठेही लिहीत नाहीत. आणि त्या वर्षी मानफलकावर एकच ओळ रिकामी उरली होती.

दुसरा फलक लावावा, ही सूचना कोणालाही सुचेल. परंतु भिंत संपली होती. तिच्या उरलेल्या भागात बिअर देण्याची खिडकी होती, आणि ती हलवण्यास एकही सदस्य तयार नव्हता. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या भिंत उपसमितीने आजवर एकच निष्कर्ष काढला होता. तो असा, की भिंत संपली आहे.

महिलांच्या अंतिम सामन्यात ग्वेंडा पास्को आणि विनिफ्रेड ट्रेगोवन समोरासमोर आल्या. अशा त्या कितीतरी वेळा आल्या होत्या, आणि फलकावर 'ग्वेंडा पास्को' हे नाव एखाद्या गाण्याच्या ध्रुपदाप्रमाणे पुनःपुन्हा येत होते. विनिफ्रेड यांचे नाव एकदाही नव्हते. त्यांचे घर विकले गेले होते. हंगाम संपताच त्या पर्थला लेकीकडे कायमच्या जाणार होत्या.

"पर्थमध्ये कुणाला माहितीये मी कोण ते?" आदल्या दिवशी त्या कुंपणाशी म्हणाल्या होत्या. "आणि इथे तरी कुणाला आठवेल? घर पाडून तिथे दोन नवी उभी करणार आहेत. भिंतीवर एक ओळ असावी, बस. मी होते एवढं सांगायला."

मी नगर परिषदेचा माणूस. घर पाडण्याची परवानगी कोणत्या टेबलावरून गेली, हे मला ठाऊक होते. मी कॅमेऱ्याचे कडे फिरवत राहिलो.

अंतिम सामन्याला मोबाइल नेण्यास बंदी होती. पूर्वी एका सामन्यात ऐन क्षणी कोणाचा तरी मोबाइल कोंबड्याच्या आवाजात आरवला होता, तेव्हापासून सर्वांचे मोबाइल दारातील बिस्किटांच्या डब्यात जमा होत. तो कोंबडा क्लबचे अध्यक्ष क्लाइव्ह पेंडरगास्ट यांचा होता, हे सर्वांना माहीत आहे आणि इतिवृत्तात नाही. माझ्या गळ्यातील कॅमेरा पाहून त्यांनी नियम पुन्हा वाचला. "मोबाइल म्हटलंय. हे मोबाइल नाही. ह्याच्यानं फोन लागतो?" नाही म्हटल्यावर मला आत सोडण्यात आले.

गुण अखेरपर्यंत बरोबरीत राहिले. शेवटचा गोळा ग्वेंडांनी टाकला. तो हळूहळू वळत, शंका घेत, जॅकच्या डाव्या बाजूला येऊन थांबला. उजव्या बाजूला विनिफ्रेड यांचा गोळा आधीपासून होता. दोन्ही अंतरे सारखीच दिसत होती. पंचगिरी करणाऱ्या क्लाइव्ह यांनी मोजण्याची दोरी काढण्यासाठी खिशात हात घातला. ती रुमाल, चष्म्याची साखळी आणि सोडतीची जुनी तिकिटे यांसह एक गाठोडे होऊन बाहेर आली. ते ती सोडवत बसले.

"लॉरी, तोवर माझा एक फोटो काढ," विनिफ्रेड म्हणाल्या. "ह्या गवतावरचा शेवटचा."

मी गुडघ्यावर बसलो. खिडकीत पुढे जॅक आणि दोन गोळे, आणि त्यांच्यापलीकडे, गुडघ्यांवर हात टेकून वाकलेल्या त्या, गोळ्यांकडे पाहत होत्या. वर्तुळात त्यांचा चेहरा चिरला होता. मी कडे फिरवले. दोन्ही अर्धुके जवळ आली, थबकली, जुळली. मी बटण दाबले.

येथे थांबलो असतो तर ही कथा घडली नसती. परंतु एका खेळाडूचा फोटो काढायचा आणि दुसऱ्याचा नाही, हे सभ्यतेला धरून नव्हते. मी वळून ग्वेंडांकडे कॅमेरा रोखला.

"टोपी पूर्ण आली पाहिजे हं माझी," त्या म्हणाल्या. "नवीन आहे."

टोपी कापली जात होती. मला हॅरॉल्ड आठवले. मी एक पाऊल मागे सरकलो. तरी टोपीची कड बाहेरच होती. मी आणखी एक पाऊल मागे सरकलो, आणि माझ्या टाचेला काहीतरी लहान, गोल आणि अत्यंत महत्त्वाचे लागले.

जॅक गडगडत गेला तो थेट कडेच्या चरात पडला. त्यामागे माझा तोल गेला आणि मी दोन्ही गोळ्यांवर बसलो.

दूर कोठेतरी मॅगपाय पक्षी ओरडला. मग ग्वेंडा म्हणाल्या, "ऊठ त्यावरून. तो माझा विजय आहे."

"तुझा कसला? माझा जवळ होता!" विनिफ्रेड म्हणाल्या.

"नियमानं हा डाव परत खेळायचा," क्लाइव्ह यांनी जाहीर केले, आणि त्याच क्षणी हिरवळीच्या चारही कडांवरील स्वयंचलित कारंजी उसळली. पांढरे वेष, नवी टोपी, दोरीचे गाठोडे, सगळे भिजले. कारंजी बंद करण्याची चावी ज्या खोलीत होती, त्या खोलीची किल्ली बिस्किटांच्या डब्यात मोबाइलांच्या तळाशी होती. ती सापडेपर्यंत हिरवळीचे भातशेत झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे माती पसरणारा कंत्राटदार येणार होता. हंगाम संपला होता. तो कंत्राटदार एकदा परतवला की थेट पुढच्या वर्षी उगवतो, आणि हिरवळ पुन्हा खेळण्याजोगी होईपर्यंत विनिफ्रेड पर्थमध्ये असणार होत्या.

सर्वांचे डोळे माझ्याकडे वळले. मी भिजलेल्या विजारीनिशी कॅमेरा पोटाशी धरून उभा होतो.

"थांबा," क्लाइव्ह म्हणाले. "ह्यानं लाथ मारायच्या आधी फोटो काढला ना? त्यात गोळे आलेत ना रे?"

"आलेत, पण..."

"पणबिण काही नाही. पुरावा आहे! तुझ्या ह्या डबड्यात क्लबची अब्रू आहे, दोस्ता."

मी 'पण'च्या पुढे म्हणणार होतो, की गोळे आलेत, पण मी त्यांना जुळवले नव्हते. मी चेहरा जुळवला होता. कॅमेरा ज्याला जुळवतो ते स्पष्ट येते आणि त्याच्या पुढचे धूसर होते. हे वाक्य मी मनात अत्यंत सुबक रचले होते. परंतु माझी वाक्ये रचून होईपर्यंत माणसे नेहमीच निघून गेलेली असतात.

समितीने ठराव केला की निकाल फोटो आल्यावर लागेल आणि तोपर्यंत सोनेरी रंगवाल्याला बोलावू नये. कॅमेरा बिअरच्या शीतकपाटात कुलपात ठेवण्यात आला, कारण थंडाव्यात फिल्म टिकते असे कोणीतरी ऐकले होते. मग क्लाइव्ह मला घेऊन औषधांच्या दुकानात गेले. गावातील फिल्म तेथेच जमा होते आणि टपालाने मेलबर्नला धुण्यासाठी जाते. दुकान थालिया चालवते. ती माझ्या वर्गात होती आणि माझ्या नावाचा उच्चार पूर्ण करणारी गावातील एकमेव व्यक्ती आहे.

"अख्खा रोल भरलाय का, लॉरेन्स?"

"अर्धासुद्धा नाही."

"पाठवते की. पैसे मात्र पूर्ण रोलचेच पडतात."

क्लाइव्ह यांचा चेहरा पडला. क्लबने पूर्ण पैसे देऊन अर्धा रोल धुऊन घ्यावा, ही कल्पना एखाद्या नास्तिकालाही पाप वाटली असती. त्यांनी ठरवले, की रोल आधी संपवायचा. प्रत्येक सदस्याचा एक फोटो, पाळीपाळीने, अध्यक्षांच्या देखरेखीखाली. अशा रीतीने, संपूर्ण गाव ज्या एका चित्राची श्वास रोखून वाट पाहत होते, त्या चित्राला थांबवून गाव स्वतः रांगेत उभे राहिले.

रोज दुपारी शीतकपाट उघडे. कॅमेऱ्यावर दव जमलेले असे. ते निघेपर्यंत चहा होई, भोपळ्याचे स्कोन नावाचे गोडसर पाव होत, आणि उजेडाविषयी सल्ले होत. मग मी फोटो घेई. लोकांचे हसू मोबाइलच्या मापाने शिवलेले होते. ते क्षणभरच पुरे. माझे कडे जुळेपर्यंत त्या हसण्याला उतार लागे, ते सुके, गळून पडे, आणि खाली माणूस दिसू लागे.

क्लाइव्ह हिरवळीच्या रोलरपाशी छाती फुगवून उभे राहिले.

"झालं?"

"अजून नाही."

"आता?"

"थोडंसं."

त्यांची छाती हळूहळू मावळली. "तुला म्हणून सांगतो," ते पुटपुटले, "कारंजांची वेळ मीच चुकवली. उन्हाळी वेळ संपली म्हणून घड्याळ एक तास मागे करायचं होतं, मी पुढे केलं. कुणाला बोलू नकोस." मी बटण दाबले. अध्यक्षांचे इतके खरे चित्र क्लबमध्ये दुसरे नाही.

ग्वेंडा स्कोनचे ताट घेऊन बसल्या. मी कडे फिरवत होतो. त्या बराच वेळ अध्यक्षांच्या रोलरकडे पाहत राहिल्या आणि मग स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, "विनी गेली की मी खेळायचं तरी कुणाशी? बाकीच्यांना हरवण्यात काय मजा आहे." आणि लगेच, "घेतलास का रे? हे ऐकू येत नाही ना फोटोत?"

"नाही, मिसेस पास्को."

"बरं झालं. ओळ मात्र माझीच आहे."

विनिफ्रेड यांनी रांगेत उभे राहण्यास नकार दिला. "माझा काढून झालाय." त्यांच्या ओसरीवर खोकी वाढत होती. एका संध्याकाळी मी निश्चय करून कुंपणाशी गेलो.

"मिसेस ट्रेगोवन, त्या फोटोबद्दल मला एक सांगायचं होतं."

त्यांनी नळी बाजूला धरली. "बोल ना, राजा."

त्यांच्या डोळ्यांत इतकी आशा होती, की मी माझे सुबक वाक्य बाजूला ठेवले. "तुमची हायड्रेंजिया या वर्षी फार छान फुललीत," मी म्हणालो.

"ती वाळलीत, लॉरी."

"हो. छान वाळलीत."

अखेरीस रोल संपला, मेलबर्नला गेला, आणि परत आला. थालियाने पाकीट स्वतः क्लबमध्ये आणले. दिवाणखान्यात बसायला जागा नव्हती. क्लाइव्ह यांनी आपल्या टपालतिकिटांच्या संग्रहाचे भिंग आणले होते. मोठे चित्र बाहेर काढून त्यांनी टेबलावर ठेवले, भिंग लावले, भिंग पुसले, पुन्हा लावले.

"हे काय आहे?"

चित्रात पुढे दोन काळसर, मऊ, प्रचंड धुकट वर्तुळे होती आणि त्यांच्यामध्ये एक फिकट ठिपका. पहाटेच्या धुक्यात दोन गायी आणि एक बदक असावे तसे.

"माझा जवळ आहे. स्वच्छ दिसतंय," ग्वेंडा म्हणाल्या.

"कुठं स्वच्छ? गोळा कुठला आणि सावली कुठली ते तरी सांग!" मागून कोणीतरी ओरडले.

"अरे लॉरी, एवढा वेळ तू ते कडं फिरवत होतास ते काय लोणी काढायला?" क्लाइव्ह कळवळून म्हणाले. "बाईंचा चेहरा बघा, पापण्या मोजता येतील! आणि गोळे? तुला फोटो कशाचा काढायचा होता?"

एवढ्या माणसांसमोर मला प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर मला येत होते. हा योग माझ्या आयुष्यात विरळाच.

"त्यांनी त्यांचा फोटो काढ म्हटलं होतं," मी म्हणालो. "मी त्यांचाच काढला."

विनिफ्रेड पुढे आल्या. त्यांनी भिंग बाजूला सारले, चित्र हातात घेतले आणि खिडकीच्या उजेडाकडे नेले. चित्रातील बाई गोळ्यांकडे पाहत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात एक लहानसे, समजूतदार हसू होते. बराच काळ दाराशी उभ्या असलेल्या पाहुण्याला अखेर आत घ्यावे लागते, तेव्हाचे ते हसू.

"क्लाइव्ह, बोलाव तुझ्या रंगवाल्याला," त्या म्हणाल्या. "गोळे कशाला बघता? हिच्याकडे बघा ना. ही बाई हरलीये, आणि तिला ते दिसलंय. अंगठाभराचं अंतर होतं. नंतर मी भांडले, पण हिला तेव्हाच कळलं होतं."

"काहीतरीच!" ग्वेंडा उसळल्या. जन्मभर या क्षणासाठी भांडलेल्या त्या बाई, तो हाती येताच तो झिडकारू लागल्या. "ऊन आलं असेल तुझ्या डोळ्यांत!"

"टोपीची सावली आहे डोळ्यांवर, बघ की. ह्या पोरानं टोपी कापली नाही, अख्खी घेतलीये." मग त्या माझ्याकडे वळल्या. "हॅरॉल्डला नसतं जमलं, राजा."

रंगवाला आला. शेवटच्या ओळीत ग्वेंडा पास्को हे नाव सोन्यात उमटले आणि फलक भरला. विनिफ्रेड पुढच्या आठवड्यात गेल्या. चित्र त्यांनी नेले नाही. "तिकडे लेकीला माझा चेहरा रोजच दिसणार आहे. हा इथे राहू दे," म्हणाल्या. समितीने हिरवळीच्या दारावर नवी पाटी लावली. तिच्यावर मोबाइल, कॅमेरे आणि 'इतर तत्सम' यांना मनाई आहे, आणि खाली स्वतंत्र ओळीत, ठळक अक्षरांत, 'मागे सरकण्यास मनाई आहे' असे लिहिले आहे. ही पाटी माझे एकमेव सार्वजनिक स्मारक होय. परगावचे लोक तिच्यासमोर उभे राहून विचार करताना दिसतात, आणि तिच्यात काहीतरी जीवनविषयक उपदेश असावा अशा समजुतीने निघून जातात.

चित्र मात्र भिंतीवर लागले. भिंत उपसमितीला जे कधी सापडले नव्हते, ते फलक आणि बिअरची खिडकी यांच्यामधले वीतभर रिकामे लाकूड ग्वेंडांना सापडले. त्यांनी स्वतः खुर्चीवर चढून, पाणसळ लावून, चौकट ठोकली. ती जागा फलकावरील शेवटच्या ओळीच्या अगदी खाली येते. त्यामुळे नवा माणूस आधी सोनेरी नाव वाचतो आणि मग त्याखालचा चेहरा पाहतो.

परवा बेंडिगोहून पाहुण्यांचा संघ आला होता. मी कोपऱ्यात फिल्म भरत बसलो होतो. पाहुण्यांतील एक बाई चित्रासमोर थांबली. तिने वर नाव वाचले, पुन्हा खाली पाहिले.

"काय चेहरा आहे हो!" ती म्हणाली. "ह्याच का तुमच्या चँपियन?"

ग्वेंडा पास्को चहा ओतत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "ह्याच. दूध घालू?"